बेपत्ता नगरसेविकेचा तपास

नोकरीत खून-दरोडे पुष्कळ पाहिले, पण निवृत्तीनंतर घरात एकटा बसलो की मनात येते ती सांगली जिल्ह्यातल्या एका छोट्या गावातली साधी मिसिंगची तक्रार. मी तिथे ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असताना एक गृहस्थ तणतणत आत आले. बायको कालपासून बेपत्ता. बायको नगरसेविका, पण गाव 'नगरसेवक' म्हणून हाक यांनाच मारायचं.

ठाणे अंमलदाराने फोटो मागितला. त्यांनी निवडणुकीचं पत्रक पुढे केलं. त्यावर हात जोडलेले हे, आणि कोपऱ्यात तिकिटाएवढी बाई.

"हरवलंय कोण, तुमी का वयनी?" आमचा हवालदार म्हणाला. मी डोळे वटारले.

दुपारी स्टँडवरच्या चहावाल्याने खबर दिली. बाई बॅग घेऊन साताऱ्याच्या गाडीत बसली, एकटीच, आणि रडत-बिडत नव्हती. अशा बाईला जायचं ठिकाण ठाऊक असतं, हा माझा अनुभव. मी नवऱ्याला पुन्हा समोर बसवलं. भांडण नाही, माहेरी नाही. नगरपंचायतीचं काही काम निघालं होतं का?

"तिचं कसलं काम? सभेला मागं मीच बसतो. ट्रेनिंगलाबी मीच जातो."

"कसलं ट्रेनिंग?"

"मेंबरांचं. राहणं-जेवण, शिकवणं, समदं नगरपंचायतीच्या निधीतनं. औंदा उसाची लागण हाय, म्हटलं जात न्हाई. कालच सुरू झालं असंल, साताऱ्याच्या म्होरं, खंडाळ्याकडं..."

बोलता बोलता त्यांनाच उलगडलं. चेहरा उतरला.

महिला शिपाई बरोबर घेऊन गाडी काढली. नवराही आला. प्रशिक्षण केंद्राच्या हॉलमध्ये टेबलांवर नावांच्या पाट्या होत्या. निम्म्या बायकांच्या नावाच्या, आणि त्यांमागे मिशीवाले पुरुष. स्वतःच्या पाटीमागे बसलेली बाई एकच. तिच्या दोन्ही बाजूच्या खुर्च्या रिकाम्या.

तिला बाहेर बोलावून जबाब घेतला.

"साहेब, निवडून आल्यापासनं सभेत हात वर करतीया. कशाला, ते कुणी सांगितलं न्हाई. शिकायला पैसा माझ्या नावानं निघतोय, मग मीच शिकते की."

नवरा म्हणाला, "गाडीत बस. न्हाईतर परत दारात यायचं न्हाई."

ती हॉलच्या दाराकडे वळली. मग म्हणाली, "आवं, संपल्यावर येते. दार उघडायचं का न्हाई, ते तुमी बघा." आणि आत गेली.

सज्ञान बाई, स्वखुशीने गेलेली. तक्रार निकाली काढली. आमच्या घराण्यात कॉलेज पाहिलेला मी पहिला, त्याचा मला अभिमान आहे. पण वर्गात सुरुवातीला कुणाशी बोलावं ते कळायचं नाही. त्या रिकाम्या खुर्च्या मला ओळखीच्या वाटल्या.

घराचं दार उघडलं, असं कळलं. नवरा-बायकोचं बोलणं मात्र बंद होतं. पुढच्या सभेत प्रशिक्षणाचा निधी काढून गटारीकडे वळवायचा विषय आला. मी बंदोबस्ताला दारात होतो. ती उठली.

"निधी ठेवा. फकस्त लोकांनी ज्याला निवडलंय, त्यालाच पाठवा. हा माझा ठराव."

"अनुमोदन कोण देतंय?" अध्यक्षांनी विचारलं.

बाकीच्या नगरसेविकांनी मागे बसलेल्या आपापल्या नवऱ्यांकडे पाहिलं आणि माना खाली घातल्या. मागून आवाज आला, "वयनी लय शिकून आल्या गड्या!" हशा झाला. ठराव तिथेच पडला.

सभा संपली. सगळे घोळक्याने निघाले, ती सगळ्यांत शेवटी. दारात थांबून तिने विचारलं, "साहेब, ठराव नीट मांडला न्हवं?"

"नीट मांडलात, ताई."

मान हलवून ती पायऱ्या उतरली. अनुमोदन देणं माझ्या अधिकारात नव्हतं.

माणूस शिकवायला निधी मंजूर करता येतो, आणि करावाच. शिकून परत आलेल्या माणसाला सोबत कुठून मंजूर करायची, एवढा तपास मात्र माझ्याकडून राहिला.