ट्रकपुढे उभे राहिलेले दोघे

नगरपालिकेचा ट्रक शेवंताबाईंची भाजीची हातगाडी उचलायला आला, तेव्हा माझे वडील आडवे उभे राहिले. ते जुने समाजवादी. त्यांच्या शेजारी दिनूकाकाही येऊन उभे राहिले. काका म्हणजे सरकारने कोणाच्याच धंद्यात हात घालू नये, असं मानणारे. एरवी दोघांचं कधी पटत नसे. ड्रायव्हर इंजिन बंद करेना. कोणीच हललं नाही. शेवटी ट्रक मागे फिरला.

“आता पालिकेनं बाईंना पक्की जागा द्यावी,” वडील म्हणाले.

“पालिकेनं फक्त वाटेतून बाजूला व्हावं,” काका म्हणाले, आणि दोघांचे आवाज चढले. अन्याय दोघांना सारखाच दिसला होता. भांडण होतं ते त्यावर उपाय काय, याचं.

शेवंताबाई हळूच म्हणाल्या, “ते उद्या परत येतील. तुम्ही याल ना?”

दोघं एकदमच “हो” म्हणाले.