बाराचे टोल

मेव्हणा मोठ्या शहरातून बायकापोरांसकट आला आणि चहा पिता पिताच म्हणाला, "दाजी, तुमच्या या शहरात बघण्यासारखं आहे तरी काय?"

दाजींना ते चांगलंच झोंबलं. पालिकेच्या मनोऱ्यातल्या घड्याळाला ते बावीस वर्षं दर रविवारी चावी देत होते. त्यांनी तिथल्या तिथे बेत ठरवला. डबा घरचा, जायचं पायी, तिकिटाची भानगड नाही. मनोऱ्यावर चढायचं आणि बाराचे टोल अगदी जवळून ऐकायचे!

एकशे दहा पायऱ्या चढून मेव्हण्याचा जीव मेटाकुटीला आला. "कानांवर हात ठेवा रे," दाजी पोरांना म्हणाले. बाराला दोन मिनिटं होती. सहज त्यांची नजर यंत्राकडे गेली. काटे चालू होते, पण टोल वाजवणारं वजन पार तळाला टेकलं होतं, म्हणजे त्याची चावी संपली होती. आज रविवार, आणि चावीचा दांडा सहलीच्या गडबडीत घरीच खुंटीला राहिला होता.

काटे जुळले. टोल काही पडला नाही. पोरं कानांवर हात ठेवून तशीच उभी. दाजींना मान वर करवेना.

मेव्हणा कठड्यावरून वाकला. "दाजी," तो हळूच म्हणाला, "हे सगळे आपल्याकडे का बघतायत?"

खाली अख्खा बाजार माना वर करून थांबला होता.