सोंडाबाईची चाल

क्रांती माळी पलूसजवळच्या एका शाळेत चित्रकला शिकवते आणि उरलेल्या वेळात लहान मुलांच्या गोष्टींसाठी किड्यांची चित्रं काढते. किड्याला नुसते डोळे-ओठ दिले तर त्याचं सोंग होतं, कुणाची तरी चाल दिली तरच तो जिवंत होतो, असं तिचं म्हणणं.

तीन वर्षांपूर्वी पुण्याच्या एका प्रकाशकाकडून तिला गोष्ट आली. तांदळाच्या पोत्यात राहणारी सोंडाबाई, म्हणजे धान्यातला सोंडवाला किडा, सगळ्या किड्यांचा वाटा एकटीच खाते. सहा पाय कसे बसवायचे, यात आठवडा गेला. मग एका दुपारी शाळेत खिचडी शिजवणाऱ्या शालूबाई ताटं घेऊन बाहेर आल्या. डावा गुडघा बाहेर फेकत, एक हात कमरेवर, दोऱ्यानं बांधलेला चष्मा नाकाच्या शेंड्यावर. क्रांतीनं तिथंच वही काढली. सोंडाबाई दोन पायांवर चालू लागली, एक हात कमरेवर गेला, उरलेल्या तिन्हींत घास आले. चष्माही तसाच राहिला.

पुस्तक आलं तेव्हा तिनंच ते दुसरीच्या वर्गात वाचून दाखवलं. एक मुलगी मध्येच म्हणाली, "ही तर आपली शालूआजी."

वर्ग हसला. क्रांतीही हसली. गप्प करायचं सोडून आपण हसलो, हे तिला अजून टोचतं.

पोरं शालूबाईंना सोंडाबाई म्हणू लागली. पूर्वी वाढून झालं की त्या पोरांतच बसून आपला डबा खायच्या, ते बंद झालं. क्रांतीला कारण कळत होतं. तरी उद्या जाऊ, परवा जाऊ, करत तिनं दोन महिने काढले. शेवटी एका रविवारी त्यांच्या घरी जाऊन तिनं सगळं कबूल केलं.

शालूबाईंनी आधी चहा ठेवला. मग म्हणाल्या, "बाई, किडा काढलासा त्येचं काय न्हाई. पर तिला हावरी का केलासा? मी कवा कुठल्या पोराच्या ताटातलं खाल्लंय व्हय?"

गोष्ट दुसऱ्यानं लिहिली होती, हे क्रांतीच्या ओठांवर आलं होतं. पण त्या हावरीला शालूबाईंचा चष्मा तर तिनंच चढवला होता.

तिनं शाळेतल्या प्रती काढून घेतल्या, मुलांपुढं आपली चूक सांगितली, प्रकाशकाच्या मागं लागून दुसऱ्या आवृत्तीत सोंडाबाई नव्यानं काढली. चिडवणं हळूहळू थांबलं. शालूबाई मात्र डबा घेऊन पोरांत पुन्हा बसल्या नाहीत.

नवं पुस्तक क्रांतीनं त्यांना नेऊन दिलं. त्यांनी एकेक पान सावकाश उलटलं.

"ह्यात मी न्हाईच की आता," त्या म्हणाल्या.

त्यांना बरं वाटलं की वाईट, ते क्रांतीला उमगलं नाही. विचारायचा धीरही तिला झाला नाही.