बुढी राह्यली

आमचं स्वतःचं शेत नव्हतं. वडनेर भोलजीच्या पुढं, हायवे सोडून आत गेलं की एका मालकाचा मळा होता. तिथं बाप बटईनं भाजीपाला करायचा. मेहनत आमची, माल निम्मा त्यांचा. मेथी, वांगी, सांबार. सांबार म्हणजे कोथिंबीर. आमच्याकडं तिला कोणी कोथिंबीर म्हणत नाही. माझी शाळा सकाळची आणि धाकट्या बहिणीची दुपारची, म्हणून दोघींत मिळून एकच गणवेश. मी घरी आले की अंगातला काढून तिला द्यायची, घामासकट. ती नाक मुरडायची आणि घालायची.

मी मलकापूरच्या कॉलेजात गेले तेव्हा मळ्यात दोन हात कमी झाले. त्यातच मायची कंबर धरली. धाकटी दहावी झाली, चांगली झाली, आणि बापानं तिला समोर बसवून सांगितलं, "दोघीइले एका टायमाले नाई जमत बाई. मोठीले पुरी होऊ दे. ते पास झाली का तुले पाठवतो." दुसऱ्या दिवशी धाकटी विळा घेऊन मेथीच्या वाफ्यात बसली. मी दरवर्षी पास होत गेले आणि ती दरवर्षी घरीच.

शेवटच्या वर्षाला असताना म्हणून माझ्या छातीवर एकच गोष्ट होती. मी नापास झाले तर आणखी एक वर्ष तिचं जाणार, आणि मग कोणी तिला पाठवणार नाही. हे मी कॉलेजात कोणालाच सांगितलं नव्हतं.

भीती आमच्या घरात नवी नव्हती. माझा बाप सापाला भ्यायचा नाही, पण हातात कागद असलेल्या माणसाला भ्यायचा. तलाठ्याकडं जायचं तर चप्पल रस्त्यावरच काढायचा. मला वाटायचं, शिकले की हे जाईल. तसं झालं नाही. दुसऱ्या वर्षी वर्गात उभं राहून एका कवितेवर बोलायचं होतं. मी म्हणाले, "कवी इथं स्वतःशी बोलून राह्यला आहे." म्हणजे बोलतो आहे. मागच्या बाकावरून आवाज आला, "बोलून झालं, आता राह्यला कुठं? लॉजवर?" सगळा वर्ग हसला. हसणारी पोरं काही पुण्याची नव्हती, मलकापूर-नांदुऱ्याचीच होती. घरी तीही असंच बोलत असणार. मी खाली बसले. त्यानंतर वर्षभर वर्गात मी तोंड उघडलं नाही. लिहायचं असलं की लिहायची, बोलायचं आलं की वहीत डोकं घालायची.

तिसऱ्या वर्षाला प्रकल्प होता आणि त्यावर तोंडी परीक्षा, बाहेरच्या परीक्षकांसमोर. तोंडीत नापास म्हणजे पदवी नाही. मराठीचे सर म्हणाले होते, "कादंबरी मिळत नसेल तर टीव्हीवरच्या मालिकेचा एक भाग घ्या. पण गोष्ट सांगू नका. गोष्ट कशी सांगितली, ते सांगा." हे वाक्य मी वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलं.

आमच्या घरी टीव्ही नव्हता. शेजारच्या काकूंकडं रविवारी दुपारी एक मालिका पुन्हा दाखवायचे. खाडीत लाँच फुटते आणि सात माणसं एका ओसाड बेटावर अडकतात, अशी. मी वही घेऊन जाऊन बसले. धाकटी आली, काकू आणि त्यांची सून होतीच.

तो भाग मी अजूनही विसरले नाही. सुरुवातच मधून. लाँच कशी फुटली ते दाखवतच नाहीत. एकदम एक हात दिसतो, बाटलीच्या बुचात पाणी मोजून ओतणारा. सातांत एक मास्तर असतो. तो रोज सकाळी हजेरी घेतो. प्रत्येकानं आपला आकडा मोठ्यानं म्हणायचा. एकानं "एक" म्हटलं की क्षणभर त्याचं घर दिसतं, बायको दिसते. "दोन" म्हटलं की दुसऱ्याचं दुकान. अशी सहा जणांची पूर्वदृश्यं येतात. सातवी एक म्हातारी, पोटाशी पिशवी धरून बसलेली. ती "सात" म्हणते आणि काहीच दिसत नाही. लगेच पुढचा प्रसंग.

"हिचं घर काऊन नाई दाखवत वं?" काकूंनी विचारलं.

"पैसे संपले असतीन त्याइचे," सून म्हणाली.

"चूप बसा ना," मी म्हणाले. माझी पेन्सिल पळत होती.

शेवटी आधी इंजिनाचा आवाज येतो, होडी नंतर दिसते. भरतीचं पाणी चढत असतं. माणसं धावतात. म्हातारीची पिशवी वर झाडाखाली राहिलेली असते, ती आणायला ती मागं वळते. होडी हलते. मास्तर घाईघाईनं हजेरी सुरू करतो. एक. दोन. तीन. चार.

आणि लाइन गेली.

काकूंनी लोडशेडिंगवाल्यांच्या सात पिढ्या काढल्या. आम्ही काळ्या पडद्यासमोर बसून राहिलो. लाइन संध्याकाळी आली.

माझी मावशी मलकापुरात राहते, तिच्याकडं त्या वेळी लाइन असायची आणि तीही ही मालिका बघायची. काकूंच्या साध्या फोनवरून मी तिला लावला. रेंज अशी की दर दोन शब्दांनी खरखर.

"मावशी, बुढीचं काय झालं शेवटी? सात म्हणते का कोणी?"

"हाव, म्हणते ना सात! बुढी राह्यली. मी तं लय रडली..."

फोन कटला. मी पुन्हा लावला नाही, कारण मला हवं ते मिळालं होतं. बुढी राह्यली म्हणजे उरली, वाचली. मावशी आनंदानं रडली. मी घरी येऊन शुद्ध मराठीत लिहिलं: "अखेरीस सातवा आकडा आपल्याला ऐकू येतो आणि म्हातारी वाचल्याचे कळून प्रेक्षक सुटकेचा निःश्वास टाकतो." जणू मी ते या कानांनी ऐकलं होतं. म्हातारीचं पूर्वदृश्य का नाही, त्यावर लिहिलं की ते पुढच्या भागासाठी राखून ठेवलं आहे. टाइप करून, बांधून प्रकल्प जमा केला.

तोंडी परीक्षेला आठ दिवस होते तेव्हा मावशी गावी आली. आम्ही चौघी मळ्यात सांबाराच्या जुड्या बांधत होतो. बोलता बोलता मालिका निघाली.

"तो मास्तर पाह्यला तवापासून मले तं हेडमास्तरचंही भेव वाटते," मावशी म्हणाली.

"काऊन? वाचवलं ना त्यानं सगळ्याइले," मी म्हणाले.

"कोणाले वाचवलं? बुढी तथीच राह्यली ना बेटावर! पाण्यात उभी, पिशी डोक्यावर धरून. होडीत गिनती सहावर थांबली. सगळे खाली पाहून राह्यले. मंग मास्तर सोताच म्हणते, 'सात.' आन होडीवाल्याले हात करते, चाल म्हणून."

माझ्या हातातली जुडी तशीच राहिली. तो "सात" मला मावशीच्या तोंडून ऐकू आला आणि त्यानंतर आठ दिवस येतच राहिला. "सात" म्हणतानाचा मास्तराचा चेहरा मी पाहिलाच नव्हता, म्हणून तो मला ओळखीच्या कोणाचाही दिसायचा.

"पण तू फोनवर म्हणाली, राह्यली!"

"मंग? राह्यलीच ना."

धाकटी हसायला लागली. "म्हणजे हिनं पुस्तकात बुढीले जितं केलं! आता सरले काय सांगशीन?" मग जुडीला गाठ मारत सहज म्हणाली, "आमच्या घरची तेच गत हाय. तू होडीत, आन मी बुढी." मावशी आणि माय दोघी खळखळून हसल्या. धाकटीही हसत होती. मी हातातली जुडी सोडून पुन्हा बांधायला घेतली.

माझी भीती दोन पदरी झाली. प्रकल्प आता परत मिळणार नव्हता. आणि गंमत अशी की मी लिहिलेलं अर्धं खरंच होतं. सातवा आकडा ऐकू येतोच. परीक्षकांनी तो भाग पाहिला नसेल तर मी गप्प राहून सुटले असते. पाहिला असेल तर न पाहिलेलं पाहिलं म्हणून लिहिल्याची चोरी उघडी पडली असती. सरांना आधीच सांगावं म्हणून एकदा कॉलेजातल्या त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत गेले आणि परत आले. चप्पल मी पायऱ्यांखाली काढली होती, हे परत घालताना लक्षात आलं. तिथं बाकी सगळे चपलांसकट आत जात होते.

परीक्षेच्या दिवशी काळीपिवळीत बसून मलकापूरला उतरेपर्यंत मी मनात एकच वाक्य घोकत होते, "म्हातारी वाचते, कारण..." व्हरांड्यात पाऊण तास उभी होते. आतून येणारी मुलं म्हणत होती, "बाई लय कडक आहेत, पान उघडून विचारतात." बोटांना सांबाराचा वास येत होता, तो जावा म्हणून मी दोनदा हात धुतले.

परीक्षक बाई पुण्याकडच्या होत्या. बोलण्यात एकही अक्षर इकडचं तिकडं नाही. सर शेजारी बसून काहीतरी भरत होते. बाईंनी माझा प्रकल्प शेवटच्या पानावर उघडला.

"हजेरीचं तंत्र तुम्ही नीट पकडलंय," त्या म्हणाल्या. "एकच सांगा. शेवटी 'सात' कोण म्हणतं?"

त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं म्हणून विचारत होत्या की मला पकडत होत्या, आजही सांगता येणार नाही. "म्हातारी" म्हणायला एक सेकंद लागला असता. मी तोंड उघडलं. सगळे खाली पाहून राह्यले, असं मावशी म्हणाली होती. सरही कागदात पाहत होते. मला वाटलं, मी आता "म्हातारी" म्हणाले तर तो मास्तर मीच.

"मॅडम, ते मी ऐकलं नाही," मी म्हणाले. "चारवर लाइन गेली. मावशीनं फोनवर सांगितलं, बुढी राह्यली. मले वाटलं वाचली. पण ते मागं राह्यली होती. सात मास्तर म्हणते."

शुद्ध मराठी कुठं गेली ते कळलं नाही. सरांनी मान वर केली.

"राह्यली म्हणजे?" बाईंनी विचारलं.

"आमच्याकडं टोपल्यात दोन भाकरी राह्यल्या म्हणजे उरल्या, मॅडम. आन बस सुटली, बुढी राह्यली म्हणजे सुटली मागं. शब्द एकच. मी मले पाहिजे तो अर्थ घेतला."

"मग तुमचा निष्कर्ष चुकला."

"हो."

"आणि पाहिलं नसताना ऐकू येतं म्हणून लिहिलंत. हे जास्त वाईट."

"हो, मॅडम."

त्यांनी प्रकल्प मिटला. मला वाटलं झालं. धाकटी डोळ्यांपुढं आली. मग त्या म्हणाल्या, "चुकलं ते बाजूला ठेवा. आता काय म्हणाल? म्हातारीचं पूर्वदृश्य का नाही?"

याचा मी आठ दिवस विचारच केला नव्हता, नुसती भीत होते. पण बोलायला लागले तसं सापडत गेलं. मी म्हणाले, लेखकानं पहिल्या सकाळीच तिला सोडून दिलं होतं. सहा जणांची घरं आपल्याला दाखवली, म्हणून ते सहा आपले झाले. तिचं घर दाखवलं नाही. आम्ही चौघी टीव्हीसमोर बसलो होतो, एकीनं विचारलंही, हिचं घर काऊन नाई दाखवत, आणि मी तिला चूप बसवलं. तिला शेवटचा आकडा दिला, कारण तिच्या मागं कोणी नाही. ती राहिली तर ओरडणारं कोणी नाही. रोज "सात" ऐकायची आपल्याला सवय लावली, इतकी की कोणीही "सात" म्हटलं तरी आपल्याला हजेरी पुरी वाटावी. फसवलं मास्तरनं नाही, आधी लेखकानं. आणि फसले आपण. मी तर लिहून दिलं.

बाईंनी एक कोरा कागद पुढं सरकवला. "हे जे बोललात ते यावर लिहा. चूक काय होती तेही लिहा. खाली सही करा."

मी तिथंच बसून लिहिलं. कोऱ्या कागदावर ओळी वर चढत गेल्या. "राह्यली" तसंच लिहिलं, बदललं नाही. बाईंनी कागद प्रकल्पाला टाचणीनं लावला आणि "या" एवढंच म्हणाल्या.

निकालापर्यंतचे दिवस कसे गेले ते लिहिण्यासारखं काही नाही. धाकटी एकदा म्हणाली, "नापास झाली तं झाली, काय फाशी देतात का?" आणि वाफ्यात गेली, पण त्या दिवशी तिनं माझ्याकडं पाहिलं नाही.

निकाल मलकापूरच्या नेट कॅफेत पाहिला. बाप सोबत आला होता, बाहेरच उभा राहिला. मी कागद आणून हातात दिला. त्यानं तो उलटा धरून पाहिला आणि विचारलं, "तोंडी?"

"पास. सगळ्यात पास."

तोंडी परीक्षेत मी पास झाले आणि बी.ए. झाले. आमच्या घरात त्याआधी कोणी झालं नव्हतं. त्याच जूनमध्ये धाकटीचं नाव अकरावीत घातलं.