डिलीटच्या आधी फोन

"थांब. आत कोन हाय ते बघ आधी."

माझं बोट एन्टरवर गेलं की मागून हे वाक्य यायचं आणि माझं डोकं फिरायचं. नगरच्या नागापूर भागातल्या आमच्या छोट्या कंपनीत हे म्हणणारे माझे वरिष्ठ होते. तालुक्यांतले दवाखाने आमच्या सॉफ्टवेअरवरून रक्तपेढीकडे रक्त मागायचे. दवाखान्यात कुणी लॉगिन केलं की सर्व्हरवर त्याचं एक सेशन उघडायचं. सेशन फार साचली की सर्व्हर धापा टाकायचा. मग आम्ही वेब सर्व्हिसला सेशनचा नंबर देऊन डिलीटची विनंती पाठवायची. सेशन बंद, आणि त्यातला अर्धवट भरलेला फॉर्मही गेला. दोन सेकंदांचं काम.

हे गृहस्थ त्यासाठी वही उघडून फोन लावायचे, एकेका सेशनच्या मालकाला. "ताई, नगरहून बोलतोय. काम झालं का तुमचं? बंद करू का?" आम्ही हसायचो. तुम्हीही हसला असता.

एका दुपारी सर्व्हर पार बसायच्या बेताला आला. सगळीकडून तक्रारी सुरू झाल्या. यादीत अकोले तालुक्यातलं एक सेशन चाळीस मिनिटं हललं नव्हतं.

"मेलंय हे, सर. उडवतो."

"मेलंय हे तुला कोन म्हनलं?"

त्यांनी फोन लावला. उचलेना. परत लावला, उचलेना. साहेब केबिनमधून ओरडत होते, आणि यांनी माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं. "अजून एकदा," म्हणाले.

तिसऱ्यांदा नर्सनं उचलला. बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नव्हता. फॉर्म अर्धा टाकून ती धावली होती. "पेशंट बोलतीय का?" यांनी आधी एवढंच विचारलं. मग सेशनमधला अर्धा फॉर्म वाचला, उरलेलं तिला विचारलं आणि रक्तपेढीला फोनवरच सगळं सांगितलं. बाई वाचली. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

पुढे कंपनीनं नियम केला, पंधरा मिनिटं हालचाल नसेल तर सेशन आपोआप बंद. ते भांडले. कुणी ऐकलं नाही, तेव्हा राजीनामा देऊन गेले. मी गप्प बसलो. लाज वाटते, पण बसलो.

परवा फोन वाजला. तीच नर्स.

"ते सर हायेत का? अर्धा फॉर्म भरला हुता, आता समदं कोरं दिसतंय. पेशंट लई सिरीयस हाय."

"सर आता इथे नसतात," मी म्हणालो. आणि पहिलं विचारलं काय, तर तिचं यूजरनेम.