ड्रममध्ये बुडलेला पाइप

भरलेलं पाणी दिसल्याशिवाय बाबांना झोप येत नसे. पुण्यात अर्धं आयुष्य तासभर येणाऱ्या नळाशी काढलेला माणूस. इंग्लंडात लीड्सबाहेरच्या आमच्या घरी चोवीस तास पाणी असतं, हे त्यांना पटायचंच नाही. दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात ते राहायला आले आणि आठवड्यात परसात एक निळा ड्रम उभा राहिला. त्यात जवळच्या तबेल्यातून आणलेली घोड्याची लीद भिजत घातलेली. का, तर मेथीला खत! नवऱ्याने मोठ्या हौसेने स्वतः बसवलेला बाहेरचा नळ होताच. त्याला पाइप जोडला आणि पाइपचं तोंड ड्रमच्या तळाशी. पाणी उडू नये म्हणून पुण्यातही ते असंच करायचे.

शेजारच्या गोऱ्या आजी रोज चारला आमच्याकडे आल्याचा चहा प्यायला यायच्या. त्यांचं, येईल त्याला 'लव्ह' म्हणणारं यॉर्कशरचं इंग्रजी आणि बाबांचं सदाशिव पेठी इंग्रजी, दोघांनाही एकमेकांचं निम्मंच कळायचं, तरी गप्पा रंगायच्या. आजींचे यजमान केमोथेरपीमुळे घरात पडून असत. त्यांच्यासाठी बाबा एक कप झाकून द्यायचे.

एका दुपारी घरामागच्या मूरवर, म्हणजे उघड्या माळावर, वणवा लागला. धूर दिसताच बाबांनी बादल्या, पातेली, सगळं भरलं आणि ड्रमचा नळ सुरूच ठेवला. आग कुंपणापर्यंत आली तर पाणी हाताशी हवं. खाली रस्त्यावर बंबवाल्यांनी हायड्रंटला, म्हणजे आगीसाठी ठेवलेल्या मोठ्या नळाला, होस जोडले. आमच्या नळांची धार बारीक झाली, मग थांबलीच. आग आटोक्यात आल्यावर पाहिलं, तर ड्रम जवळजवळ रिकामा.

"गळतोय वाटतं," बाबा म्हणाले.

तेवढ्यात आजी दारात आल्या. हातातल्या ग्लासात चहाच्या रंगाचं पाणी होतं. "तुमच्याकडे पण असंच येतंय का, लव्ह?"

मी ग्लास नाकाशी नेला, लिदीचा वास आला आणि लाजेने माझे कान तापले. आमच्या ओळीतल्या चार घरांना मिळून एकच जुनी लाइन. बंबांनी पाणी ओढल्यावर तिच्यातला दाब गेला, तसं आमच्या ड्रममधलं पाणी पाइपातून उलटं ओढलं गेलं होतं.

"हे आमच्याकडून आलंय," मी कसंबसं म्हणाले.

"मगाशी ह्यांनी गोळ्या घेतल्या, त्याच पाण्याने," आजी म्हणाल्या. आवाज अगदी शांत. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

वॉटर कंपनीचा माणूस आला. बाहेरच्या नळाला पाणी मागे फिरू न देणारा व्हॉल्व्ह लागतो, तसा इथला नियमच आहे. आमच्या नळाला तो नव्हता.

"बाबा, ते पाणी आजींच्या किचनमध्ये गेलं."

"नळातून? उलटं?" त्यांचा चेहरा पडला. मला त्यांचा राग येत होता आणि त्या रागाचीही लाज वाटत होती.

पुढचे दिवस आम्ही सगळे एकच वाट पाहत होतो, यजमानांना ताप येतो की काय. केमोने प्रतिकारशक्ती गेलेल्या त्या अंगाला कसलाही ताप परवडणारा नव्हता. बाबा जेवायला बसायचे आणि घास तसाच हातात धरून शेजारच्या खिडकीकडे बघायचे. ताप आला नाही. बाबा हात जोडून त्यांच्या दारी गेले, तेव्हा आजींनी ते हात धरून खाली केले. "होतं असं कधी कधी," म्हणाल्या.

लाइन धुऊन झाली, पाण्याची तपासणी झाली, व्हॉल्व्ह बसला, ड्रम गेला. बाबा निघाले तेव्हा आजींनी प्रवासासाठी केकसुद्धा करून दिला. चहाला मात्र त्या पुन्हा आल्या नाहीत. मी हाक मारायचे. "आत्ताच झाला, लव्ह," त्या हसून म्हणायच्या. एकदा आग्रहाने बसवलं, तर कप समोर गार होऊन गेला. मला तो ओतून टाकताना रडू आलं.

दर रविवारी फोनवर बाबांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा.

"आजी येतात ना गं चहाला?"

"येतात ना."

"आणि त्यांच्या यजमानांना झाकून देतेस ना?"

"देते, बाबा."