पालथा रांजण

परंड्यात किल्ल्याच्या वाटेवर, आमच्या दारातल्या कडुलिंबाखाली बारा महिने रांजण भरलेला असायचा. अब्बांचा नेमच तो. जाणाऱ्या-येणाऱ्यानं पाणी प्यावं, विचारू नये. सवाब, म्हणजे पुण्य, अब्बांचा, पाणी भरायची मी. नळाला आठ-आठ दिवस पाणी नसलं तरी रांजण रिकामा चालायचा नाही.

पाठीवर भल्यामोठ्या बॅगा घेतलेलं पहिलं जोडपं आलं, तेव्हा अब्बांनी त्यांना ओसरीवर मुक्काम दिला, भाकरी खाऊ घातली. निघताना त्यांनी पाकीट काढलं, तर अब्बांनी कानाला हात लावले. “हमारे में मुसाफिर से पैसे नैं लेते.”

तिथंच चुकलं. त्या दोघांनी काय लिहून ठेवलंय, ते पुढं आलेल्या एकानं मला कौतुकानं मोबाईलवर दाखवलं: राहणं-खाणं फुकट, माणसं प्रेमळ, पाणी भरपूर. पाणी भरपूर! परंड्यात! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मग रीघच लागली. बूट भारी, तंबू भारी, आणि चहावाल्याशी घासाघीस. बरेचजण तर चहाही घेत नसत. स्टोव्ह, शेवयांची पाकिटं, सगळं बरोबर. गावात काही खर्च न करता गाव बघितलं, याचीच फुशारकी. गावाला मिळालं काय, तर खंदकात पाकिटं, बाटल्या आणि ओले कागदी रुमाल. वर निसर्गावर प्रेम किती, ते आम्हालाच ऐकवायचे. मला ही माणसं मनापासून आवडत नाहीत, आणि ते लपवायची मला गरज वाटत नाही.

मार्चमध्ये एकजण रांजणाशी उकिडवी बसून शाम्पूनं केस धूत होती. फेस वाहत पार रस्त्यापर्यंत गेला होता. “थोडंसंच घेतलं,” ती हसून म्हणाली. मी आत वाकून पाहिलं. तळ दिसत होता.

मी रांजण पालथा घातला, पेला घरात नेला. अब्बा बघत होते, पण त्यांनी मला अडवलं नाही. मी जिंकले असं मला वाटलं.

चौथ्या दिवशी भर दुपारी म्हातारा धनगर आला. दरवर्षी मेंढरं घेऊन इकडून जातो, इथं पाणी पितो, अब्बांशी दोन शब्द बोलतो. पालथ्या रांजणासमोर तो थांबला. मी धावत बाहेर आले. “थांबा, घरातून आणते.”

“न्हाय, असू द्या बाई. तुमालाबी टंचाई असंल. फुडं बघतो.” आणि तो चालू लागला.

आतून अब्बांनी ऐकलं. घरातली कळशी उचलून ते त्याच्या मागं निघाले. गुडघे दुखतात, उन्हात बाहेर पडत नाहीत, तरी निघाले. बऱ्याच वेळानं परतले ते भरलेली कळशी घेऊनच. मी पुढं होऊन हात लावला. त्यांनी ती माझ्या हातात दिली नाही.